आंग मो किओतली कौतुकाची शिकवणी

सिंगापूरहून परत आले तेव्हा बार्शीत पहिले आठ दिवस मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं रस्त्यावर थुंकलं तर दंड करतात म्हणे, खरं का?" असेल खरं. मी थुंकले नाही, त्यामुळं अनुभव नाही. दुसरा प्रश्न सोन्याच्या भावाचा. तोही मला ठाऊक नाही. मी तिथं केलं काय, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगते. मी सिंगापुरात इंग्रजी शिकवून आले.

हसू नका. तेहतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलंय मी. बार्शीत अर्ध्या गावाला कांबळे बाई म्हणजे कोण ते सांगावं लागत नाही, आणि उरलेल्या अर्ध्या गावाला माझ्या वर्गातल्या मुलांनी सांगितलंय. माझी नात ओवी जन्मल्यापासून सिंगापुरातच आहे. ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आजी, यू टॉक लाइक अ टेक्स्टबुक ला!" हे 'ला' तिथल्या प्रत्येक वाक्याला चिकटलेलं असतं, आपल्याकडे 'की' असतं तसं. सून डोळे वटारून तिच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, वटारू नकोस, पुस्तकासारखं बोलते म्हणतेय, यात वाईट काय आहे?

सिद्धू, म्हणजे माझा मुलगा, आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनियर आहे. सुनेचं ऑफिस पाया लेबारला. सकाळी आठाच्या आत तिघंही घराबाहेर, आणि मी एकटी त्या दहाव्या मजल्यावर. टीव्ही बघून बघून किती बघणार? चौथ्या दिवशी चपला घातल्या आणि लिफ्टनं खाली उतरले.

ब्लॉकच्या खाली

आम्ही राहायचो ते आंग मो किओ सिंगापूरच्या पोस्टकार्डावर नसतं. तिथं सरकारी इमारतींच्या रांगाच रांगा आहेत, भिंतीवर माणसापेक्षा उंच नंबर, खिडक्यांबाहेर आडव्या काठ्यांवर वाळणारे कपडे. मी सिद्धूला म्हणाले होते, "अरे, हे तर आपल्या पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर्ससारखं दिसतंय." तो जरा खट्टू झाला. "आई, इथं बहुतेक सगळे अशाच फ्लॅटमध्ये राहतात. श्रीमंतांचे काँडो वेगळे." मग मी नीट बघितलं आणि शब्द मागं घेतला. ब्लॉकपासून स्टेशनपर्यंत डोक्यावर छप्पर, पाऊस कोसळत असला तरी पदर भिजत नाही. जिन्यात पानाची पिचकारी नाही. आणि प्रत्येक इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला, नुसते खांब आणि बाकं. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथं म्हातारे बुद्धिबळ खेळतात, लग्नाचे मांडव पडतात आणि माणूस गेलं तर तेही तिथंच ठेवतात. वारा चांगला येतो. मला बघताक्षणी वाटलं, फळा तेवढा नाही, बाकी वर्ग तयार आहे.

तिथं एका बाकावर चाळिशीतली एक चिनी बाई बसली होती. केस कानापर्यंत कापलेले, फोन तोंडाजवळ धरलेला. फोन तिला विचारत होता, "हाऊ आर यू?" आणि ती एका दमात म्हणत होती, "आयॅमफाइनथँक्यूअँडयू." माझ्या पाचवीतल्या पोरांचा अगदी तोच सूर. आमच्या आणि त्यांच्या मध्ये हिमालय आहे, पण हा सूर तो ओलांडून पलीकडे कसा गेला, कोण जाणे.

चुकीचं वाक्य ऐकलं की माझा हात खडू शोधायला लागतो. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "स्लोली. आय अॅम. फाइन." ती बाई चटकन उठून उभी राहिली. ताठ, हात बाजूला. मग माझ्याकडे बोट करून हळूच विचारलं, "टीचर?"

"येस. टीचर."

"लाओशी!" ती म्हणाली आणि मान लववली. लाओशी म्हणजे त्यांच्या भाषेत बाई, गुरुजी, सर, सगळं काही. निवृत्त झालेल्या माणसाला परदेशात कुणी उठून उभं राहून बाई म्हणावं! माझी छाती फुगली, हे मी लपवत नाही.

तिचं नाव लिऊ. आधी मी तिला लिऊताई म्हणायचे, शिकवणी सुरू झाल्यावर आपोआप 'अगं लिऊ' झालं. ती चीनमधल्या हूनान प्रांतातली, बार्शीएवढ्याच एका गावची. नवरा तिकडं हार्डवेअरचं दुकान चालवतो. तेरा वर्षांची मुलगी युन सिंगापूरच्या शाळेत शिकते, आणि अशा मुलांच्या आईला बरोबर राहायची परवानगी मिळते. आमच्याच ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन दोघी राहत होत्या.

हे सगळं मला तिच्या फोननं सांगितलं. ती चिनीत बोलायची आणि फोन मराठीत बोलायचा, तेही बातम्या दिल्यासारखं. "आदरणीय शिक्षिका, आपण भात खाल्ला का?" मी आधी दचकले. मग कळलं, त्यांच्याकडेही माणूस भेटला की जेवलात का, हेच विचारायची पद्धत आहे. आपल्याला बाहेरचं जग परकं वाटतं ते उगीच.

मी विचारलं, इंग्रजी कशाला हवंय तुला? अर्धं सिंगापूर चिनी बोलतं. तिचं भाजीवाल्याशी अडत नव्हतं, डॉक्टरशी अडत नव्हतं. तेव्हा तिनं फोन बाकावर ठेवला आणि बराच वेळ बोलली. फोननं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि ते असं होतं.

युन शाळेत इंग्रजीच्या खालच्या गटात होती. वर्षाच्या मध्यावर पालकांची भेट होती. वर्गशिक्षिका मिस नूर, मलय, वयानं तरुण, त्यांना चिनी येत नाही. त्या म्हणाल्या, युन व्हेरी गुड, मी तिला वरच्या गटात घालायचा विचार करतेय, तुम्हाला काय वाटतं? 'व्हेरी गुड' लिऊला कळलं. मुलीनं भाषांतर करायच्या आत ही दोन्ही हात हलवत, हसत हसत म्हणाली, "नो, नो, नो. शी नो गुड. शी लेझी. शी स्टुपिड."

मिस नूर गंभीर झाल्या. म्हणाल्या, आईलाच तसं वाटत असेल तर घाई नको, वर्षअखेरीला बघू.

मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे कुणी म्हणालं, "तुमची मुलगी हुशार आहे हो," तर आपण काय म्हणतो? "कसली हुशार, दिवसभर मोबाइल घेऊन लोळत असते." मग समोरची म्हणते, "छे छे, काहीतरीच काय." आपण पुन्हा, "नाही हो." असं दोन-तीनदा झालं की कौतुक पोचलं. पंगतीत 'नको नको' म्हणणाऱ्याच्या पानात वाढपी दोन जिलब्या टाकतो आणि मग पुढं जातो. लिऊचा वाढपी पहिल्या 'नको'लाच पुढं निघून गेला होता.

आणि जिलबी साधी नव्हती. वरच्या गटात नाही, तर पुढं पाहिजे त्या कॉलेजचा रस्ता अवघड. मुलीसाठी घर आणि नवरा सोडून ही बाई परक्या देशात एका खोलीत राहत होती, आणि स्वतःच्याच तोंडानं पोरीची वाट अडवून बसली होती. तेव्हापासून युन आईशी कामापुरतंच बोलत होती. वर्षअखेरीच्या भेटीत आपली मुलगी वरच्या गटात जावी, आणि तेव्हा उत्तर आपण स्वतः द्यावं, दुभाष्या नको, एवढ्यासाठी तिला इंग्रजी हवं होतं.

मी म्हटलं, उद्यापासून सकाळी नऊला इथंच. फी नाही. उशीर चालणार नाही.

ओला बाजार आणि ठेचा

ती उशीर करायची नाहीच. उलट नऊच्या आधी येऊन बाक पुसून ठेवायची आणि मला थर्मासमधून गरम पाणी ओतून द्यायची. चहा नाही, कॉफी नाही, नुसतं गरम पाणी. त्या उकाड्यात! सुरुवातीला मी नको म्हटलं, तर ती ऐकेना. तिच्या मते सगळे आजार थंड पाण्यानं होतात. आमच्या सासूबाईंचंही हेच मत होतं, म्हणून मी मुकाट्यानं प्यायले.

शिकवणी संपली की आम्ही दोघी बाजारात जायचो. तिथल्या बाजाराला वेट मार्केट म्हणतात, कारण फरशी कायम धुतलेली असते. मासे, कोंबड्या, हिरव्यागार पालेभाज्यांचे ढीग, आणि कोपऱ्यात सुक्या मासळीचं दुकान. तो वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. इवल्याशा सुक्या मासळ्या, तिकडं त्यांना इकान बिलिस म्हणतात. पण मला विचाराल तर ती आपल्या सुकटीची सख्खी बहीण. घरी नेऊन कांदा, लसूण, लाल तिखट घालून परतली, तर संध्याकाळी सून दारातच म्हणाली, "आई, शेजारचे तक्रार करतील." शेजारच्या मलय आंटीनं तक्रार नाही केली. तिनं रिकामी वाटी पाठवली, थोडं द्या म्हणून.

तिखटाच्या बाबतीत मला गर्व होता. सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला तिखटात कोण हरवणार? म्हणून एक दिवस लिऊला ठेचा आणि भाकरी दिली. तिनं ठेचा बोटभर घेतला, खाल्ला आणि डोळ्यांतून टिपूसही न काढता म्हणाली, "गुड. नॉट हॉट." दुसऱ्या दिवशी तिनं बरणी आणली, हूनानची मिठात मुरवलेली लाल मिरची. मी एक चमचा खाल्ला आणि थर्मास उघडून सगळं गरम पाणी पिऊन टाकलं. गरम पाण्यानं ती आग आणखी भडकते, हे मला त्या दिवशी कळलं. लिऊ हसून हसून बाकावर आडवी झाली. बुद्धिबळवाले आजोबाही वळून बघायला लागले.

एकदा ती आमच्या घरी आली. भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघून तिचे डोळे चमकले. "लाओशी, सेम!" मी म्हटलं, हो, सेम. लगेच दुसऱ्या दिवशी मला जवळच्या चिनी देवळात घेऊन गेली. मोठमोठ्या उदबत्त्या, धूर, संत्र्यांचे ढीग. माझ्या हातात उदबत्त्या देऊन खुणेनं सांगायला लागली, युनसाठी माग. मी उदबत्ती लावली, हात जोडले, पण मागितलं काही नाही. फोनच्या मध्यस्थीनं तिला सांगितलं, आमच्याकडे बुद्धाकडे मागत नाहीत, त्यानं सांगितलं तसं वागायचा प्रयत्न करतात. लिऊनं थोडा विचार केला आणि तिच्या नव्या इंग्रजीत म्हणाली, "ओके. आय आस्क. यू टीच." कामाची वाटणी मला पटली.

हात मांडीखाली

आता मुख्य गोष्ट. मी व्याकरण, स्पेलिंग सगळं बाजूला ठेवलं. भेटीपर्यंत हिला तीनच गोष्टी यायला हव्यात असं ठरवलं. ऐकलेलं समजणं, थँक यू म्हणणं, आणि मुलीबद्दल दोन चांगली वाक्यं बोलणं. समजणं पटकन जमलं. हूनानच्या शाळेतही सकाळी सगळा वर्ग मोठ्यानं धडे म्हणतो, असं तिनं सांगितलं. आमच्याकडेही म्हणतात. नव्या पद्धतीचे लोक घोकंपट्टीला नाकं मुरडतात, मुरडू देत. मी म्हणायचे, ती माझ्या मागून म्हणायची, आणि आवाज खांबांवर आपटून परत यायचा. "शी वर्क्स हार्ड एव्हरी डे." "शी वर्क्स हार्ड एव्हरी डे!" आठवड्याभरात बुद्धिबळवाले आजोबाही घोडा पुढं सरकवताना म्हणायला लागले, शी वर्क्स हार्ड एव्हरी डे.

पण थँक यू काही जमेना.

मी म्हणायचे, "युवर डॉटर इज व्हेरी इंटेलिजंट." लगेच तिचे दोन्ही हात वर, वारा घातल्यासारखे हलणारे, आणि "नो, नो, नो!" मी म्हणायचे, "लिऊ, थँक यू म्हण." ती म्हणायची, "थँक यू. नो, नो, नो." पुन्हा. "थँक यू, नो." शब्द तिला येत होता, पण त्याच्याआधी हात निघत होता. मी विचार केला, हातच बांधले तर? बाकावर बसवलं आणि सांगितलं, दोन्ही हात मांडीखाली. बसली मुकाट्यानं. "युवर डॉटर इज व्हेरी इंटेलिजंट." हात मांडीखाली वळवळले, खांदे वर आले, मान नाही नाही करायला लागली, पण तोंडातून निघालं, "थँक यू." नुसतं थँक यू! आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

मी फार खूश झाले. तेवढ्यात लिऊ माझ्या साडीकडे बोट करून म्हणाली, "लाओशी, युवर साडी व्हेरी ब्युटिफुल."

"छे गं," मी म्हणाले, "जुनी आहे, कॉटनची, दोनशेला घेतलेली." आणि हातानं तो विषय उडवून लावला.

"लाओशी!" ती ओरडली. "हँड!"

माझा हात हवेत होता. मी तो गुपचूप मांडीखाली घातला. साडी तशी खरंच चांगली होती, आणि दोनशेची तर अजिबातच नव्हती. त्या दिवसापासून वर्गात विद्यार्थी दोन झाले. ती माझं कौतुक करायची, मी तिचं, दोघींचे हात दाबून धरलेले. सिद्धू एकदा ऑफिसमधून लवकर आला, तेव्हा त्यानं हे बघितलं. आई वेडी झाली असं त्याला वाटलं असावं, तो सरळ लिफ्टकडे गेला. रात्री जेवताना मी म्हटलं, "सिद्धू, तू घर छान सांभाळलंयस. मला अभिमान वाटतो." तो पोळी तोडता तोडता थांबला आणि म्हणाला, "आई, तुला बरं वाटत नाहीये का?" सूनबाई इतकी हसली की ठसका लागला.

बुकित तिमाहची टेकडी

भेटीच्या आधीच्या रविवारी आम्ही बुकित तिमाहला गेलो. हा सिंगापुरातला सर्वांत उंच डोंगर. बालाघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसानं त्याला डोंगर म्हणायचं का, हा प्रश्न आहे. ओवीनं विचारलं, "आजी, टायर्ड?" मी म्हटलं, आत्ताशी सुरू झालाय की संपला? पण जंगल मात्र खरं जंगल आहे. आत शिरलं की डोक्यावर आभाळ दिसत नाही, आणि दमट हवेनं साडी अंगाला चिकटते. खाली त्याच भागात श्रीमंतांचे बंगले आणि काँडो, वर ही झाडी.

लिऊबरोबर युनही आली होती. आईच्या दहा पावलं पुढं, कानात गाणी. मी तिला गाठलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं, उगीच खोटं कशाला बोला. मी विचारलं, आईवर अजून रागावलीस?

तिनं वाटेतला एक दगड पायानं बाजूला उडवला. मग म्हणाली, "लाओशी, आय नो शी डिडन्ट मीन इट. आमच्या गावात सगळ्या आया असंच म्हणतात. पण इथं आपण बोलतो ते लोक खरं धरतात. मी तिला हे सांगितलं होतं."

"तुला काय वाटतं," मी विचारलं, "तिला खरं काय वाटतं तुझ्याबद्दल?"

युननं खांदे उडवले. "आय डोन्ट नो. शी नेव्हर सेड. नॉट इन चायनीज ऑल्सो."

मी काही बोलणार, तोच मागून ओवी किंचाळली. माकड आलं होतं. आमची शेंगाचटणी आणि पोळ्यांची पिशवी त्यानं अशी उचलली, जसं काही त्याच्याचसाठी आणली होती. तिथं माकडांना खायला घातलं तर दंड आहे, अशी पाटीच होती. ओवी रडकुंडीला आली, "आजी, वी विल गेट फाइन ला!" मी म्हटलं, आपण घातलं नाही, त्यानं घेतलं. माकडानं शेंगाचटणी चाखली, दोनदा शिंकलं आणि पिशवी टाकून पळालं. लिऊ म्हणाली, "नॉट हॉट!" आणि युन हसली. कानातली गाणी काढून हसली.

उतरताना मात्र मुलगी पुन्हा पुढंच होती. मी लिऊकडे बघितलं. ती मुलीच्या पाठीकडे बघत चालत होती आणि ओठांत पुटपुटत होती. मला वाटलं, माझी वाक्यं घोकतेय.

शाळेत

भेटीच्या दिवशी लिऊ माझ्या दाराशी उभी. लाओशी, यू कम. मी कडक इस्त्रीची नारायणपेठ नेसले. जिथं बाई म्हणून जायचं, तिथं बाईसारखं दिसलं पाहिजे. शाळेच्या फाटकावर रखवालदारानं विचारलं, "युवर चाइल्ड, मॅडम?" मी लिऊकडे बोट केलं. तो गोंधळला, पण पास दिला.

मिस नूर छान होत्या. डोक्यावर गुलाबी हिजाब, टेबलावर युनची वर्षभराची कामं. समोर लिऊ, तिच्या शेजारी युन भाषांतराला. मी मागच्या खुर्चीवर. माझी आणि लिऊची नजरानजर झाली. तिचे हात आधीच मांडीखाली होते.

मिस नूर सावकाश बोलल्या. "युनची यंदा फार चांगली प्रगती झाली आहे. वर्गात ती उत्तरं देते. निबंध तर सुंदर लिहिते."

युननं भाषांतराला तोंड उघडलं. लिऊ म्हणाली, "थँक यू."

नुसतं थँक यू. पुढं नो नाही. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. युन वळून आईकडे बघायला लागली.

"शी वर्क्स हार्ड एव्हरी डे," लिऊ म्हणाली. आवाज थोडा मोठा, व्हॉइड डेकवरचा. "शी रीड्स अॅट होम." हेही आमचंच.

मिस नूर हसल्या. मग त्यांनी विचारलं ते आमच्या तयारीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्हाला वाटलं होतं की ती तयार नाही. वरच्या गटात काम खूप असतं. आता तुम्हाला काय वाटतं? ती पेलेल?

लिऊला प्रश्न समजला, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण उत्तर तिला मी दिलेलं नव्हतं.  शिकवायला हवं होतं, नाही शिकवलं. तिचे हात मांडीखाली वळवळायला लागले. युन आईचं तोंड बघत होती, आणि भाषांतर करायला तिच्याकडेही काही नव्हतं. आता हिचा हात वर येणार आणि नो, नो, नो होणार, या भीतीनं मी पदर मुठीत घट्ट धरला.

लिऊनं हात बाहेर काढले. पण हलवले नाहीत. टेबलावर ठेवले, एकावर एक.

"शी कॅन," ती म्हणाली. मग थांबली. मला वाटलं, शब्द शोधतेय, एकेक. "आय अॅम... स्मॉल टाउन मदर. आय अॅम व्हेरी प्राउड, शी इज माय डॉटर."

 मिस नूरनी चष्मा काढून पुसला. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "जानेवारीपासून वरच्या गटात." युनचं लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती.

बाहेर बसस्टॉपवर आलो. कडक ऊन, पानं हलत नव्हती. युन चिनीत काहीतरी म्हणाली. लिऊ उत्तरली, थोडक्यात. युन पुन्हा म्हणाली, लिऊ पुन्हा उत्तरली. मला एक अक्षर कळेना, आणि मला न कळलेलं बोलणं सहन होत नाही. मी युनला विचारलं, काय चाललंय?

युनचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "मी तिला विचारलं, ही सगळी वाक्यं लाओशींनी शिकवली का?"

"मग?"

"ती म्हणाली, पहिली सगळी लाओशींची. शेवटचं तिचं. म्हणाली, सकाळी आंघोळीला गेलं की ते म्हणायची, रोज, भिंतीकडे बघून. मला ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडून."